जवळून आलेली ओ

१

झरीची पेटी चोरीला गेल्याचा फोन आला, तेव्हा भिंतीवर झरीचा ठिपका हिरवागार होता.

यवतमाळच्या त्या प्रशिक्षण हॉलमध्ये जेवणाआधीची पेंग उतरली होती. पलीकडच्या जिनिंगमधून उडालेली कापसाची पिसं खिडकीतून आत येत आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहत. खाली यायची त्यांना काही घाई नव्हती. पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा पडला होता, नकाशावर ठिपके होते, आणि शिकवायला आलेल्या मॅडम, सत्यशीला नगराळे, स्वतःच त्या ठिपक्यांत हरवल्या होत्या. सत्यशीला मूळची पांढरकवड्याची. नोकरीनं तिला पुण्याला नेलं, पण उघड्या डोळ्यांनी झोपायची लहानपणची सवय काही सुटली नाही. तिची आई इंदुताई म्हणायची, हिला जेवायला वाढलं तर ही वरणात नदी बघत बसते.

शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजची वर्षं होती ती. कापसानं जिल्ह्याचे हाल केले, तशा समित्या आल्या, पाहणीपथकं आली, फोटो काढणारे आले, आणि त्यांच्या मागोमाग ही पेट्यांची योजना आली. आडगावांत एकेक माहिती केंद्र, केंद्रात एक पेटी, छपरावर उपग्रहाची छत्री. कापसाचा भाव आणि हवामानाची सूचना तिच्यातून यायची आणि दारावरच्या भोंग्यातून गावाला ऐकू जायची. या पेट्यांवर लक्ष ठेवायचं सॉफ्टवेअर केंद्रांच्या ॲडमिनना शिकवायला सत्यशीला आली होती.

पहिल्या दिवशी तिनं एवढंच सांगितलं होतं. "हे सॉफ्टवेअर हाक मारतं. प्रत्येक पेटीला एक नंबर आहे, त्या नंबरानं हाक मारतं. पेटी ओ देते. ओ आली की ठिपका हिरवा, नाही आली की लाल. तुम्ही रंगावर लक्ष ठेवायचं."

फोन अमरचा होता. अमर पेट्यांच्या कंपनीचा जुना मेकॅनिक. साहेब लोक येणार म्हणून केंद्रांचे फोटो काढत फिरत होता. झरीच्या पोडावर, कोलाम आदिवासींच्या त्या वस्तीवर, फोन लागत नाही, म्हणून मुकुटबनला पोचल्यावर त्यानं लावला. सत्यशीलानं स्पीकर चालू केला.

"मॅडम, पेटी नाही जी तिथं," अमर म्हणाला. "खोलीले कुलूप जसंच्या तसं. वरच्या झरोक्यातून पाह्यलं, तर समोरची फळी रिकामी. वायर लोंबून राह्यली नुसती."

"खोलीत अजून काय दिसलं?"

"झरोका बोटभर आहे, फळीच दिसते तेवढी. खिडकीचा पल्ला ढकलला, तर उघडेचना. ढकलला की आतून हळूच परत येते. पोडावर इचारलं, तर कोनी बोलेचना. सारे आभायाकडे पाहून राह्यले."

हॉलमध्ये झरीचा ॲडमिन बसला होताच. उकंडा टेकाम, कोलामपोडावरचा, शेवटच्या बाकावर, लोखंडी कपाटाला टेकून. चोरीची बातमी ऐकून माणूस दचकतो. उकंडा दचकला नाही, त्यानंही खिडकीतून आभाळाकडे पाहिलं.

एवढ्यात सदाशिवराव आत आले. ते या योजनेचे जिल्ह्याचे प्रमुख. थंडीभर कोपर खाजवत फिरायचे, आताही खाजवत होते. त्यांनी अमरचं सगळं ऐकून घेतलं, मग पडद्यापाशी जाऊन झरीच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. त्यांच्या नखावर हिरवा उजेड पडला.

"पेटीच नाही म्हनता," ते म्हणाले, "तर मंग ओ कोन देऊन राह्यलं?"

२

"चार वाजता मुंबईचे साहेब येतात," सदाशिवरावांनी आपल्या खोलीत नेऊन सत्यशीलाला सांगितलं. "मले भूत-गीत काही सांगू नका. तोवर पेटी सापडली तर ठीक. नाही सापडली, तर उकंडाच्या नावानं ठाण्यात तक्रार जाईल आन् झरीचं केंद्र कायमचं बंद होईल. नियम मी केला नाही."

"इतक्या लवकर त्याला चोर ठरवताय?"

"चावी त्याच्याजवळ. दुसरी मायाजवळ." त्यांनी ड्रॉवर ओढला. कोपऱ्यात झरीची चावी पडली होती आणि तिच्यावर धूळ बसली होती. फुंकर मारल्यावर खाली चावीचा आकार उमटलेला दिसला. ही चावी कितीतरी दिवसांत कोणी उचलली नव्हती.

सदाशिवराव माणूस वाईट नव्हते. खुर्चीवर बसले की नियमांचे होत, एवढंच. भिंतीवर त्यांनी स्वतः लावलेली पाटी होती. केंद्राची खोली दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरल्यास केंद्र बंद. ठिपका सलग लाल राहिल्यास केंद्र बंद. सत्यशीलानं ती पाटी शुक्रवारी वाचली होती आणि वर्गात मोठ्यानं वाचूनही दाखवली होती.

झरीचं केंद्र बंद होणं म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. केंद्र येण्याआधी पोडावरची माणसं कापसाची बंडी जुंपून वणीला नाही तर पांढरकवड्याला निघायची. खरेदी चालू आहे की बंद, हे तिथं पोचल्यावर कळायचं. बंद असली की भरलेली बंडी तशीच जंगलातून परत. लहानपणी घरासमोरच्या रस्त्यानं तिनं अशा परतणाऱ्या बंड्या बघितल्या होत्या. बैलही मान खाली घालून चालतात, असं तिला तेव्हा वाटायचं.

उकंडा व्हरांड्यात कठड्याला धरून उभा होता.

"चावी कुठं आहे, उकंडाभाऊ?"

"पोडावर."

"कोणाजवळ दिलीत?"

"पोडाजवळ."

"पोडाजवळ म्हणजे? माणसाचं नाव असेल ना काही."

गावची विहीर कोणाची असं विचारणाऱ्याकडे बघावं, तसं उकंडानं तिच्याकडे पाहिलं. "नाव नाही जी," तो म्हणाला. मग त्यानं पश्चिमेकडे मान वळवली. तिकडून ढग चढत होते. "मॅडम, आज येते का हो पानी?"

ज्याच्या गळ्याशी चोरीचा आळ आला आहे तो माणूस पावसाची चौकशी करतो, याचं सत्यशीलाला नवल वाटलं. तिला त्याचा थोडा रागही आला. आपण याच्यासाठी धडपडतोय आणि हा आभाळ बघतोय.

"शनिवारी सूचना तुम्हीच बोललात ना," ती म्हणाली. "दोन-तीन दिवसांत अवकाळी, असं."

"बोललो," उकंडा म्हणाला, आणि पुन्हा ढगांकडे बघू लागला.

३

शनिवारचा तो धडा सगळ्यांच्या लक्षात होता. हवामान खात्याची सूचना आली होती. सत्यशीलानं उकंडाला माइकसमोर बसवलं आणि म्हणाली, तुमच्या बोलीत बोला, इथून पाठवू, तिकडे भोंग्यातून ऐकू येईल. उकंडा लाजला, मग कोलामीत बोलला. बराच वेळ बोलला. कोणाला अक्षर कळलं नाही, सगळे हसले, त्यानंतर टाळ्या झाल्या. आपला आवाज जंगल ओलांडून आपल्या दारात जाऊन बोलतोय, ही गोष्ट उकंडाच्या चेहऱ्यावर कितीतरी वेळ रेंगाळत होती. रविवारी सुट्टी होती. उकंडा गावी गेला नाही, एका दिवसात जाऊन येणं त्याला जमणारं नव्हतं. आणि आज सोमवार.

कोकिळा ढवस जिन्यात डबा उघडून बसली होती. ही राजूरची ॲडमिन. नकाशावर राजूरचा ठिपका गेले कित्येक दिवस लालच होता.

"माह्यावरच संशय असन तुमचा," सत्यशीलानं तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली. "मले पेटी पाह्यजेच होती. अर्ज करून करून थकली मी. आमच्या राजूरले कोयशाची धूळ. पेटीचा पंखा ते ओढते अन् पोटात घालते. उघडली ना, तर चुलीतल्यावानी काळी निंगाली. पन मॅडम, चोरलेली पेटी मी राजूरले लावली असती, तर आता माहा ठिपका हिरवा असता ना! त्याईचा काहून राह्यते हिरवा?"

मुद्दा बिनतोड होता. सत्यशीलाला हसू आलं. चोरीच्या बाबतीत एवढा सरळ विचार पोलीसही करत नसतील.

"पेटी पोटात गावाची धूळ घेते, हे मात्र छान सांगितलंत," ती म्हणाली.

"घेतेच ना. कोनत्या गावची पेटी आहे, ते झाकन उघडून सांगतो मी."

भावसिंग राठोड खाली आवारात आपल्या काळीपिवळी जीपच्या टपावर बसला होता. तो पांढरकवड्याच्या केंद्राचा ॲडमिन, पण हाडाचा ड्रायव्हर. सुट्टीच्या दिवशी पांढरकवडा ते झरी सवाऱ्या मारायचा.

"काल गेलतात झरीला?"

"गेलतो ना. इतवारले सवारी बहुत राह्यते." भावसिंगनं मनगट खाजवलं, मग मान, मग बाही वर सारून दंड. दंडावर लाल पुरळ उठला होता.

"काय झालं हो हे?"

"मच्छर. गाडीतच झोपलो राती."

"आमच्याकडे कापूस घरात साठवला की असं अंग उठायचं," सत्यशीला सहज म्हणाली. "घरी कापूस आहे का तुमच्या?"

"आमच्या घरी?" भावसिंग मोठ्यानं हसला. "अवं बाई, बाप ट्रकवर, मी जीपवर. बोंडभर कापूस नाही पिकत आमच्या घरी. चाकावर पोट आहे आमचं." हसता हसता तो एकदम थांबला आणि त्यानं बाही घाईघाईनं खाली ओढली.

सत्यशीला जिना चढून वर आली, तेव्हा तिच्या डोक्यात चार गोष्टी पिसांसारख्या तरंगत होत्या, एकही खाली बसत नव्हती. आतून परत येणारा पल्ला. नाव नसलेली चावी. कापूस नसलेल्या माणसाची कापसाची खाज. आणि तो हिरवा ठिपका, जो कोणाला काही न विचारता उजळत होता.

४

जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला. सत्यशीलानं दिवे घालवले आणि पडद्यासमोर बसून राहिली. बाहेर ऊन गेलं होतं. अंधारलेल्या हॉलमध्ये ठिपके लांबच्या घरांमधल्या दिव्यांसारखे दिसत होते. सॉफ्टवेअर आपलं काम करत होतं. वणी? ओ. मारेगाव? ओ. राजूर? राजूर गप्प. झरी? ओ.

तिचे डोळे उघडेच होते, पण ती पांढरकवड्याच्या अंगणात पोचली होती. तूर कापून झाल्यावर पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्यांच्या ढिगात लपायचं आणि आईनं हाक मारायची. "सत्ये!" हाक आली की ओ दिल्यावाचून तिला राहवत नसे. ओ दिली की आई थेट येऊन कान धरायची. एकदा ती रडकुंडीला येऊन म्हणाली, तुला कसं कळतं गं मी कुठं आहे ते? इंदुताई हसून म्हणाली होती, "वावरातून ओ द्यायला येळ लागते, बाप्पा. हाक जाईन, मंग ओ येईन. तुही ओ तं हाकेच्या पाठीवरच आली. म्हंजे तू घराजवळच आहेस."

सत्यशीला ताडकन उठली.

तीन दिवस तिनं या माणसांना रंग बघायला शिकवलं होतं. ओ यायला वेळ किती लागतो, ते कोणीच बघितलं नव्हतं, तिनंसुद्धा नाही. ठिपक्यावर टिचकी मारली की सॉफ्टवेअर तो वेळही दाखवतं. झरीची हाक आधी उपग्रहापर्यंत वर जाते, तिथून जंगलात उतरते, आणि ओ त्याच वाटेनं परत येते. म्हणून झरीची ओ साऱ्या जिल्ह्यात आळशी. शनिवारच्या धड्यात तिनं ती बघितली होती. हाक मारावी आणि एक श्वास घ्यावा, तेवढा उशीर.

तिनं झरीच्या ठिपक्यावर टिचकी मारली.

ओ पापणी हलायच्या आत आली. रस्त्यापलीकडच्या तहसील कचेरीची ओ यायला लागतो, त्याहून कमी वेळात.

तिनं जुना आलेख काढला. शनिवारी रेघ उंचावर होती, झरीची नेहमीची आळशी रेघ. रविवारी संध्याकाळी ती तुटली होती. झरीचा ठिपका रोजच संध्याकाळी लाल व्हायचा, भारनियमनात तिकडची वीज जायची आणि सकाळी परत यायची, म्हणून त्याकडे कोणी लक्ष दिलं नसणार. आज सकाळी, वर्ग भरायच्या सुमारास, रेघ पुन्हा सुरू झाली होती. पण आता ती जमिनीला चिकटून चालली होती.

म्हणजे रविवारी संध्याकाळपर्यंत पेटी झरीला होती, आणि उकंडा तेव्हा इथं, यवतमाळला होता. त्यानं ती काढलेली असणं शक्य नव्हतं. मग आत्ता ओ येत होती ती कुठून?

सत्यशीला अंधारात हळूच मागं वळली. पेटी याच हॉलमध्ये होती.

५

जेवून सगळे परतले, तेव्हा सत्यशीला हॉलच्या कोपऱ्यातल्या जोडणीपाशी उभी होती. तिथं भिंतीवर एक पट्टी होती, पट्टीत रांगेनं भोकं आणि प्रत्येक भोकात एक केबल. सदाशिवरावांनाही तिनं बोलावून घेतलं होतं.

"आजचा धडा हरवलेली पेटी शोधण्याचा," ती म्हणाली. "मी एकेक केबल उपसते. तुम्ही पडद्याकडे बघा. जी केबल उपसली की झरी लाल होईल, तिच्या दुसऱ्या टोकाला झरीची पेटी आहे."

तिनं पहिली उपसली. ठिपका हिरवा. दुसरी उपसली. हिरवाच. बाहेर लांबवर गडगडलं. तिसऱ्या केबलला तिनं हात घातला, आणि मागून आवाज आला.

"काढू नका जी."

उकंडा उभा राहिला होता. तीन दिवसांत त्याचा आवाज इतका मोठा कधी निघाला नव्हता.

"काढू नका. लाल होईन थे."

त्यानं स्वतःच पाठीमागच्या लोखंडी कपाटाचं दार उघडलं. सतरंज्यांच्या घड्यांमागं झरीची पेटी ठेवलेली होती आणि तिचा बारका दिवा लुकलुकत होता.

"मी म्हनत नव्हतो?" सदाशिवराव पुढं सरसावले. "चावीवालाच चोर!"

"उकंडानं पेटी झरीहून आणलेली नाही," सत्यशीला म्हणाली. "रेघ रविवारी तुटली, तेव्हा तो इथं होता. पेटी आणली भावसिंगभाऊंनी. काल ते झरीला होते, आणि काल ते कापसात शिरले होते. घरात बोंडभर कापूस नाही, मग हे अंग कशानं उठलं?"

भावसिंगनं मान खाली घातली आणि उगाच गाडीची चावी बोटावर फिरवू लागला.

"कुलूप तोडलं नाही, कारण तोडायची गरजच नव्हती," ती पुढं म्हणाली. "उकंडाभाऊ, चावी चावडीत टांगलेली असते ना?"

"हाव जी. खोली पोडाची, तं चावी चावडीतच राह्यल ना. तुमी मले माणसाचं नाव इचारलं. मी कोनाचं सांगू?"

सत्यशीलाला स्वतःची लाज वाटली. कुलूप म्हटलं की तिला एक मालक दिसला होता. पोडाच्या मधोमध चावडी असते आणि पोडाचं ते सगळ्यांचं, ही गोष्ट पांढरकवड्याची पोरगी पुण्याला जाऊन विसरली होती.

"राहिला खिडकीचा पल्ला," ती म्हणाली. "ढकलला की आतून परत येतो. दगडानं अडवलेला पल्ला मुळीच हलणार नाही. आत काहीतरी मऊ दाटून भरलेलं आहे. कोकिळाताई, उघडा हो ही पेटी, आणि सांगा कोणत्या गावची आहे."

कोकिळानं केबल तशीच ठेवून झाकण तेवढं अलगद सरकवलं. पंख्याच्या पात्यांना, जाळीला, सगळ्या फटींना पांढरा कापूस लागला होता. राजूरच्या त्या फटकळ बाईनं तो चिमटीत धरून सगळ्यांना दिसेल असा वर केला.

"शनिवारी कोलामीत तुम्ही काय बोललात?" सत्यशीलानं उकंडाला विचारलं. बोलता बोलता ती क्षणभर पुण्याची भाषा विसरली. "आमाले कोनालेच समजलं नव्हतं. आम्ही नुसतंच हासलो."

उकंडा एका दमात बोलला.

"मी म्हनलो, पानी येऊन राह्यलं. खरेदी बंद हाये, साऱ्याइचा कापूस घरीच पडला हाये, अन् आमचे घरं कुडाचे. वरून गयते, खालून ओल येते. स्लॅबची खोली पोडावर एकच. म्हनलो, कापूस थ्या खोलीत नेऊन टाका. भोंग्यातून माहाच आवाज गेला, तं साऱ्याईनं नेला. साऱ्या पोडाचा कापूस हाये तिथं."

"अन् पेटी गरम होते," भावसिंग म्हणाला. "ढिगात तशीच चालू होती. येखांदी ठिणगी उडाली असती तं पोडच गेलं असतं. पोडाच्या नाईकनं, त्याईच्या म्होरक्यानं, मले रस्त्यावर थांबवलं. तिथं तारेले हात लावाले कोनी तयार नाही. म्हने, तू बी शिकून राह्यला ना, तूच काढ. मी ढिगावरून पोटावर सरकत गेलो, काढली, अन् सकायी याच्या हवाली केली. चोरी नाही केली, मॅडम. याडीची आन, मायची शपथ."

"मग मला का नाही सांगितलं?"

उकंडानं भिंतीकडे पाहिलं. पाटी हॉलमध्ये नव्हती, सदाशिवरावांच्या खोलीत होती, पण सगळ्यांना ती दिसली.

"खोलीत दुसरं काही ठेवलं तं केंद्र बंद, म्हनलं तुम्ही. लाल झालं तं बी बंद. मंग मी हिरवं ठेवलं." त्यानं हात जोडले. "साहेब, मले चोर म्हना. तक्रार द्या. पन आज खोली खाली कराले नका सांगू. आभाय आलं हाये."

६

सदाशिवरावांचा हात नेहमीप्रमाणे कोपराकडे गेला, आणि साऱ्यांचं लक्ष तिकडे गेलं. खाजवता खाजवता तेही थांबले. त्यांनी एकदा भावसिंगच्या दंडाकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या कोपराकडे.

"माया झोपायच्या खोलीतबी तेच आहे," ते हळूच म्हणाले. "बाजेले टेकून कापसाचा ढीग लागला. बायको म्हनते, माणसाले जागा नाही, कापसाले आहे." मग ते खुर्चीत बसले. "पन साहेबाले काय सांगू मी? हिरवं सांगू तं खोटं. लाल सांगू तं केंद्र बंद."

बाहेर पहिले थेंब पत्र्यावर वाजले. सत्यशीला पडद्याकडे वळली. ज्यांना तिनं दोनच रंग दिले होते, त्यांनी आपलं सारं पोड त्या दोन रंगांत बसवून दाखवलं होतं. तिसरा रंग सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून होता. तो धडा शेवटच्या दिवसाचा, म्हणून तिनं राखून ठेवला होता.

"इकडे या, उकंडाभाऊ," ती म्हणाली. "बसा. आता ती केबल काढू. आपल्याच हातानं काढू."

केबल निघाली. झरी लाल झाली. तिनं त्याचं बोट योग्य जागी नेलं. "पेटी आपणच काढून ठेवली, बिघडलेली नाही, असं सांगायची ही जागा. सॉफ्टवेअर मग हाक मारायचं थांबतं, आणि लाल म्हणून मोजतही नाही. खाली कारण लिहायचं. खरं आहे ते लिहायचं."

उकंडानं एकेक अक्षर शोधत लिहिलं. पाण्यामुळे खोलीत पोडाचा कापूस ठेवला. पेटी गरम होते म्हणून काढली. पेटी यवतमाळले आहे. आभाय उघडलं की लावतो. कोकिळा मागून वाचत होती, पण दुरुस्ती तिनं एकही केली नाही. उकंडानं टिचकी मारली, आणि हिरव्या नकाशात, जंगलाच्या टोकाला, झरी निळी झाली.

चार वाजता साहेब आले, तेव्हा पाऊस चांगलाच लागला होता. ओल्या छत्र्या दाराशी ठेवून मंडळी पडद्यासमोर उभी राहिली. साहेबांनी नकाशावरून नजर फिरवली. राजूरच्या लालवर ती क्षणभर थांबली, मग वरून खाली आली आणि निळ्यावर अडकली.

"हे काय आहे? निळा म्हणजे काय?"

सदाशिवरावांनी सत्यशीलाकडे पाहिलं. सत्यशीला उत्तर द्यायला पुढं झाली, पण शेवटच्या बाकावरून उकंडा आधीच उठला होता. झरीची पेटी त्यानं छातीशी धरली होती.

"निळा म्हंजे, तिथं मान्सं हायेत साहेब," तो म्हणाला. "पेटी तेवढी नाही."

साहेब पडद्याजवळ गेले आणि खालचं कारण त्यांनी वाचलं, सावकाश, शेवटपर्यंत. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता, की बोलायचं तर आवाज चढवावा लागत होता.

"खोलीचा नियम कोणाचा आहे?" त्यांनी विचारलं.

"वरून आलेला आहे, साहेब," सदाशिवराव उठून उभे राहिले. "पन पाटी मी लावली. काढाची असन तं मीच काढतो. आन् राजूरची पेटी बदलून द्या, म्हंजे नकाशावर लाल राह्यनार नाही."

साहेबांना हसू आलं. "आभाळ उघडेपर्यंत राहू द्या निळंच," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. कोकिळा चहा सांगायला गेली. उकंडा खाली बसला, पेटी मांडीवर घेतली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यानं खिडकीकडे न बघता डोळे मिटले. बसल्या बसल्या त्याला झोप लागली.

सॉफ्टवेअर हाका मारत राहिलं. वणी, ओ. मारेगाव, ओ. झरीला आता ते हाक मारत नव्हतं, आणि सत्यशीलाला तेवढं एक चुकल्यासारखं वाटलं. म्हणून तिनंच मारली, मनातल्या मनात, पावसातून, जंगलावरून. कोरड्या कापसानं भरलेली ती खोली तिला दिसली, चावडीतली चावी दिसली. ओ यायला वेळ लागला, लांबून येताना लागतो तेवढा. पण आली.